फॉर्म भरून झाले, आता या ३१ मुलांचं काय करायचं?

एका माध्यमिक शाळेत नव्याने रुजू झालेल्या समुपदेशकांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "आठवी-नववीच्या १२० मुलांकडून पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरून घेतली. ३१ जणांचे गुण ११ किंवा त्याहून जास्त आले. चौघांनी नवव्या प्रश्नाला 'अजिबात नाही' सोडून दुसरं उत्तर दिलंय. एवढी मुलं डिप्रेशनमध्ये असतील यावर मुख्याध्यापकांचा विश्वास नाही, ते म्हणतात चाचणीच चुकीची आहे. ३१ पालकांना पत्रं पाठवू का? की चाचणी पुन्हा घेऊ? चार दिवस झाले, फॉर्म कपाटात आहेत."

शेवटचं वाक्य वाचलं आणि उत्तराचा क्रम बदलला. ३१ जणांचं नंतर बघू, आधी ते चौघे. आणि त्यांना आजच भेटायचं.

नववा प्रश्न काय विचारतो ते आठवा. 'आपण मेलेलं बरं' किंवा 'स्वतःला काही इजा करावी' असे विचार गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा आले? हे दोन वेगळे प्रश्न एकत्र कोंबलेत. त्यामुळे 'काही दिवस' या खुणेमागे परीक्षेच्या आदल्या रात्री 'मेलो असतो तर बरं झालं असतं' म्हणणारा मुलगाही असू शकतो आणि गेले तीन आठवडे मनात योजना आखणारी मुलगीही. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण असतात, कागदावर दोघांचाही '१'. फरक फक्त समोर बसून कळतो, आणि एकूण गुण कितीही कमी असले तरी हे बसणं टळत नाही. एकूण बेरीज ५ आणि नवव्या प्रश्नाला २, असे फॉर्म मी पाहिलेत.

एकेकाला वेगळं बोलवा. वर्गात शिपाई पाठवून 'तुला बाईंनी बोलावलंय' असं सगळ्यांदेखत नको. खोलीत आल्यावर फॉर्म समोर ठेवा आणि सरळ सांगा, "तू इथे 'काही दिवस' असं लिहिलंयस. मला त्याबद्दल तुझ्याशी बोलायचंय." मग शब्द न चोरता विचारा. गेल्या काही आठवड्यांत मरून जावं असं वाटलं का? आपण नसतो तर घरचे सुखी झाले असते असं वाटलं का? गेल्या आठवड्यात जीव देण्याचे विचार आले का? पूर्वी कधी तसा प्रयत्न केला होता का? यांतल्या एकाचंही उत्तर 'हो' आलं, तर पाचवा प्रश्न: आत्ता, या क्षणी तसे विचार येतायत का? हा क्रम माझा नाही. एएसक्यू नावाचं छोटं साधन आहे, त्यातला आहे, आणि तो विचारायला मिनिटही लागत नाही.

पाचव्याला 'हो' असेल तर त्या मुलाला एकटं सोडायचं नाही. बाथरूमलाही एकटं नाही. पालकांना लगेच बोलवायचं आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात पोचवायचं. पाचव्याला 'नाही' पण आधीच्या एखाद्याला 'हो' असेल, तरी पालकांशी त्याच दिवशी बोलायचं आणि सविस्तर तपासणी ठरवूनच मुलाला घरी सोडायचं. दोन्ही वेळा पालकांना एक काम नक्की सांगा: घरातली औषधं, विषारी द्रव्यं, शस्त्र असेल तर तेही, कुलपात. पालक आधी थोडे रागावतात, 'आमचा मुलगा असं करणार नाही' म्हणतात. म्हणू द्या. अशा विचारांची सर्वांत तीव्र लाट बहुतेकदा थोडा वेळच टिकते, आणि त्या वेळात हाताशी काही नसणं यानेच अनेक जीव वाचतात.

असं थेट विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेली गोष्ट भरते, ही भीती मला जवळजवळ प्रत्येक शिक्षकाकडून ऐकायला मिळते. ती तपासून झालेली आहे. अमेरिकेतल्या सहा शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवरचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आत्महत्येबद्दल थेट प्रश्न विचारले, निम्म्यांना नाही. विचारलेल्यांमध्ये ना अस्वस्थता जास्त दिसली, ना तसे विचार. उलट ज्यांना आधीपासून त्रास होता, त्यांची अस्वस्थता विचारल्यावर किंचित कमीच भरली. माझ्या खोलीतही हेच दिसतं. प्रश्न ऐकून मूल दचकत नाही, बहुतेकदा खांदे खाली येतात.

आता मुख्याध्यापक. ते अर्धे बरोबर आहेत. ३१ मुलं डिप्रेशनमध्ये नाहीत. पण त्यामुळे चाचणी चुकीची ठरत नाही. चाळणी असंच काम करते.

हिशेब करून बघा. १३ ते १७ वयाच्या मुलांवर पीएचक्यू-९ तपासली तेव्हा ११ ही रेषा धरली, तर खरोखर नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के सापडले आणि नैराश्य नसलेल्यांपैकी सुमारे ७७ टक्के योग्य रीतीने बाजूला पडले. ऐकायला छान वाटतं. आता हिशेबापुरतं धरा की तुमच्या १२० मुलांत ६ जणांना खरं नैराश्य आहे. त्यातले ५ सापडतील. उरलेल्या ११४ पैकी जवळजवळ पाव भाग, म्हणजे २५-२६ जण, नैराश्य नसतानाही रेषेच्या वर येतील. बेरीज ३१. तुमचा आकडा बरोब्बर तेवढाच निघाला हा योगायोग. तुमच्याकडे खरे ६ असतील की १०, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. पण रेषेच्या वर आलेल्या दर सहा जणांमागे एखादाच खरा रुग्ण निघाला, तर आश्चर्य मानू नका. मुख्याध्यापकांना हा हिशेब फळ्यावर करून दाखवा. डॉक्टरांच्या व्याख्यानापेक्षा लवकर पटतो, हा अनुभव आहे.

म्हणूनच ३१ पत्रं पाठवू नका. 'आपल्या पाल्यामध्ये नैराश्याची लक्षणं आढळली आहेत' असं वाक्य शाळेच्या शिक्क्यासह २५ चुकीच्या घरांत पोचलं तर काय होईल? काही घरांत मुलाचा मोबाइल जप्त होईल, काही घरांत 'तुला काय कमी केलं आम्ही?' सुरू होईल, आणि पुढच्या वर्षी फॉर्मवर सगळे शून्य भरतील. पोरं शहाणी असतात. एकदा अंगाशी आलं की दुसऱ्यांदा खरं सांगत नाहीत.

आणि पुन्हा चाचणीही नको. तोच फॉर्म दुसऱ्यांदा भरल्याने निदान होत नाही. निदान बोलण्यातून होतं. प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटं धरा, ३१ जणांचे दहा ते तेरा तास झाले. दोन आठवड्यांत बसतं. क्रम गुणांनुसार लावू नका. फॉर्मच्या तळाशी एक प्रश्न असतो, ज्याचे गुण मोजत नाहीत: या त्रासामुळे अभ्यास, घरचं काम किंवा लोकांशी जुळवून घेणं किती कठीण झालं? बहुतेक जण तो वाचतही नाहीत. मी आधी तोच बघतो. १३ गुण आणि 'अजिबात कठीण नाही' असं लिहिणारा मुलगा आठवडाभर थांबू शकतो. ११ गुण आणि 'अत्यंत कठीण' लिहिणारी मुलगी थांबू शकत नाही.

या बैठकीत काय शोधायचं? मोठ्यांच्या नैराश्याचं चित्र डोक्यातून आधी काढून टाका. कोपऱ्यात रडत बसलेली मुलगी तुम्हाला कोणीही दाखवून देईल. सुटतो तो कायम चिडलेला, उलट उत्तरं देणारा, दार आपटणारा मुलगा. निदानाच्या निकषांत मुलांसाठी मुद्दाम ही मुभा ठेवली आहे की उदास मनःस्थितीऐवजी चिडचिड हेच मुख्य लक्षण असू शकतं. वजन घटण्याऐवजी वाढत्या वयाला अपेक्षित तेवढं न वाढणंही चालतं. बाकी अट तीच. नऊपैकी किमान पाच लक्षणं, दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ, आणि त्यात उदासी/चिडचिड किंवा कशातच गोडी न वाटणं यांपैकी एक हवंच.

'गोडी न वाटणं' हे मला सर्वांत विश्वासार्ह लक्षण वाटतं, पण ते विचारायचं कसं हा प्रश्न असतो. 'तुला कशात आनंद वाटत नाही का?' असं पुस्तकी विचारलं की 'वाटतो ना' असं पुस्तकीच उत्तर येतं. मुलं 'नैराश्य' म्हणत नाहीत. ती म्हणतात 'बोअर होतं', 'डोकं उठलंय', 'मूडच नाही', 'काय फरक पडतो'. मी विचारतो, "सुट्टीत आधी काय करायचास? आता करतोस का? कधीपासून सोडलंस?" क्रिकेट सोडलं कारण संघातून काढलं, ही एक गोष्ट. क्रिकेट सोडलं आणि बॅट कुठे आहे तेही माहीत नाही, ही दुसरी. मित्राने मेसेज केला तर उत्तर देतोस का? आवडीची गोष्ट समोर आल्यावर निदान तेवढ्यापुरतं बरं वाटतं का? चिडलेल्या पण नैराश्य नसलेल्या मुलाचे डोळे इथे चमकतात. दुसऱ्याचे चमकत नाहीत.

एक प्रसंग सांगतो, ओळख पटेल असे तपशील बदलून. एका वर्गाचे फॉर्म माझ्याकडे आले होते. एका मुलीचे गुण ४, नवव्या प्रश्नाला शून्य. गठ्ठ्यातून सरळ पुढे गेला असता असा फॉर्म. पण नवव्या ओळीत 'अर्ध्याहून अधिक दिवस'च्या चौकटीवर व्हाइटनरचा ठिपका होता, नखाने खरवडून सपाट केलेला. बाकी फॉर्मवर एकही खाडाखोड नाही. मी तिला तो कागद उजेडासमोर धरून दाखवला नाही, पोलिसी वाटलं असतं. नुसतं विचारलं, "हा प्रश्न भरताना थांबली होतीस का गं?" ती म्हणाली, "शेजारची बघत होती." मग बराच वेळ काही नाही. आणि मग सगळं. पुढे ती दोन वर्षं उपचारांत होती, आता ठीक आहे. तेव्हापासून मी गुणांच्या आधी कागद बघतो. गिरवलेली खूण, एका रेषेत खाली ओढलेले सगळे शून्य, कोरा सोडलेला एकच प्रश्न. कोरा नववा प्रश्न म्हणजे शून्य नव्हे. तुमच्या १२० फॉर्ममध्ये तसे किती आहेत ते आज बघाच, आणि असतील तर त्यांना त्या चौघांच्या यादीत घाला.

आता ते २५ जण, ज्यांचे गुण वर आले पण नैराश्य नाही. त्यांना 'तू ठीक आहेस' म्हणून परत पाठवलं तर अर्धं काम वाया गेलं. गुण उगाच वर येत नाहीत. झोप, थकवा, लक्ष न लागणं, भूक हे चार प्रश्न मिळून १२ गुण होऊ शकतात, म्हणजे रात्री दोनपर्यंत जागणारं मूल एकही उदास विचार नसताना ११ ची रेषा ओलांडतं. (या वयात झोपेचं घड्याळ मुळातच पुढे सरकतं, त्यात मोबाइलची भर.) मला सापडलेल्या कारणांत रक्तक्षय निघालाय, थायरॉइड निघालंय. न ओळखलेली वाचन-अक्षमता निघाली आहे, आजी गेल्याला महिनाही झालेला नाही असं निघालंय, वर्गातला सततचा छळ निघालाय. आणि घरात किंवा घराबाहेर कोणी हात लावतंय, हेही निघालंय. हे शेवटचं निघालं तर विषय नैराश्याचा राहत नाही. तिथे बालसंरक्षणाचा कायदा लागू होतो आणि शाळेची जबाबदारी वेगळी असते. ती प्रक्रिया तुम्हाला आधीच माहीत हवी, त्या दिवशी शोधायची वेळ येऊ नये.

एक सूचना, जी डॉक्टरांनाही उपयोगी आहे. खरं नैराश्य दिसत असेल तर उलटी बाजूही विचारा: कधी सलग काही दिवस झोप जवळजवळ न घेताही प्रचंड उत्साह, भरमसाट बोलणं, बेफाम धाडस? घरात कोणाला तसा आजार? उत्तर 'हो' असेल तर ते पाठवणीच्या चिठ्ठीत ठळक लिहा. द्विध्रुवी आजाराची सुरुवात अनेकदा नैराश्यानेच होते आणि तिथे औषधांचा विचार वेगळा करावा लागतो.

पालकांशी बोलायचं ते समोरासमोर, आणि शक्यतो मुलाला आधी सांगून: "मी आईबाबांना हे सांगणार आहे, हे सांगणार नाही. तुला कसं सांगितलेलं चालेल?" सुरुवातीलाच 'कोणालाही सांगणार नाही' असं वचन देऊन बसला असाल तर ते तुम्हाला मोडावं लागणार. म्हणून पहिल्या मिनिटाला मी म्हणतो, "तू सांगशील ते माझ्याकडे राहील, पण तुझ्या किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही." आजवर एकही मूल हे ऐकून उठून गेलेलं नाही. पालकांपुढे 'डिप्रेशन' या शब्दाने सुरुवात करू नका. त्यांनी घरात काय पाहिलंय ते आधी विचारा. "जेवायला खोलीतून बाहेर येत नाही हो" हे त्यांच्याच तोंडून आलं की पुढचं बोलणं निम्मं सोपं होतं.

त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला: गोळ्या सुरू करणार का? सौम्य त्रास असेल तर बहुधा नाही. काही आठवडे नियमित भेटी, झोप आणि दिनक्रम सुधारणं, शाळेतला ताण हलका करणं, आणि पुन्हा तपासणं. मध्यम ते तीव्र असेल तर समुपदेशनाच्या पुढे जाऊन रीतसर मानसोपचार, आणि गरजेनुसार औषध. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १२ ते १७ वयाची ४३९ मुलं होती. १२ आठवड्यांनी फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध आणि विचार-वर्तन उपचार (बोलण्यातून होणारा) दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के सुधारले, फक्त औषधावर ६१, फक्त बोलण्याच्या उपचारावर ४३ आणि नुसत्या दिखाऊ गोळीवर ३५. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकाने नैराश्यावरच्या औषधांवर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला, की तरुण रुग्णांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून औषध सुरू झालेल्या मुलाला पहिल्या काही आठवड्यांत वारंवार बघावं लागतं. शाळेने तेवढ्या काळात डोळा ठेवला तर डॉक्टरचं काम फार सोपं होतं. हा निर्णय मात्र तुमचा नाही आणि तुम्ही पालकांपुढे त्यावर मतही देऊ नका.

पुढच्या वर्षी चाचणी घ्यायची का? अमेरिकेतला प्रतिबंधक आरोग्यसेवांचा कार्यगट २०२२ च्या शिफारशीत १२ ते १८ वयासाठी 'घ्या' म्हणतो, आणि ११ व त्याखालच्यांसाठी पुरेसा पुरावा नाही असं सांगतो. पण ती शिफारस मुख्यतः दवाखान्यात येणाऱ्या मुलांसाठी आहे, जिथे फॉर्म बघणारा डॉक्टर शेजारच्या खोलीतच असतो. शाळेत तसं नसतं. माझं मत स्पष्ट आहे. रेषेच्या वर आलेल्यांना पाठवायला जागा नसेल, तर घेऊ नका. पाठवायला एकच तज्ज्ञ असेल आणि त्याच्याकडे दोन महिन्यांची वाट असेल, तर एका वेळी एकच तुकडी घ्या. १२० एकदम नको.

घेणार असाल तर सोमवारी किंवा मंगळवारी, सकाळच्या तासाला. सुट्टीच्या आदल्या दिवशी कधीच नाही, कारण नववा प्रश्न त्याच दिवशी बघायचा असतो आणि दुपारी घरी गेलेलं मूल थेट दोन दिवसांनी भेटतं. परीक्षेचा किंवा निकालाचा आठवडा टाळा. बाकं लांब ठेवा, शेजारची बघत असते. पालकांना आधी कळवा आणि संमती घ्या. मुलांसाठी थोडी बदललेली आवृत्ती मिळते, जिच्यात उदासीच्या प्रश्नातच चिडचिडही धरली आहे, ती वापरा. ही प्रश्नावली वापरायला फुकट आहे, त्यामुळे तपासून घेतलेलं भाषांतर शोधा, घरी केलेलं नको. एका शाळेत 'हताश' हा शब्द अर्ध्या वर्गाला कळला नव्हता आणि त्यांनी अंदाजाने खुणा केल्या होत्या. भरलेला प्रत्येक फॉर्म शाळा सुटायच्या आत कोणीतरी वाचलेला असला पाहिजे. ते 'कोणीतरी' आधी नावानिशी ठरवा.

उरली ८९ मुलं, रेषेच्या खाली. त्यांच्यातला एखादा खरा रुग्ण चाळणीतून निसटलाय असंच धरून चाला. दहापैकी एक निसटतोच. त्यांच्यासाठी उपाय कागदाचा नाही, तुमच्या दाराचा आहे. मी जातो त्या एका शाळेत समुपदेशनाची खोली शिक्षकांच्या खोलीसमोर होती. आत जाणारा प्रत्येक मुलगा आठ शिक्षकांना दिसायचा. वर्षभरात स्वतःहून आलेली मुलं बोटांवर मोजण्याएवढी. मग ती खोली ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला हलवली. आता मुलं पुस्तक बदलायला म्हणून येतात, आणि त्यातली काही पुस्तक न घेताच तासभर थांबतात.